शृंगमय थर

बाबांनी परळच्या गिरणीत अख्खं आयुष्य कापडाच्या साच्यांपुढे उभ्यानं काढलं. गिरणी गेली, तळपायाचा घट्टा तेवढा राहिला. दर रविवारी ते घमेल्यात गरम पाणी घेऊन पाय बुडवून बसायचे आणि दाढीच्या ब्लेडनं तो घट्टा तासायचे.

मी भाषांतरं करून पोट भरतो. एका संस्थेनं मधुमेहींनी पायांची काळजी कशी घ्यावी याचं पत्रक मराठीत करायला दिलं होतं. त्यातल्या एका इंग्रजी शब्दावर मी दोन दिवस अडलो. शिंगं, खूर, नखं ज्याची बनतात तसला टणक पदार्थ, असा त्याचा अर्थ. शेवटी कोशात 'शृंगमय' सापडला आणि मी स्वतःवरच खूश झालो. 'घट्टा' सुचला नव्हता असं नाही. पण तो घमेल्यातला शब्द, छापायच्या लायकीचा वाटला नाही. मी लिहिलं : 'तळव्यावरील शृंगमय थर घरी कापू नये.'

बाबांनाही मधुमेह होता, म्हणून एक प्रत त्यांना दिली. त्यांनी ती गॅलरीत उभं राहून शेजाऱ्यांना मोठ्यानं वाचून दाखवली. "आमच्या झिलान लिवलेला आसा," लेकाच्या कौतुकानं म्हणाले.

पुढच्या रविवारी त्यांनी नेहमीसारखं पाणी तापवलं. मी समोरच चहा पीत बसलो होतो. आपण लिहिलेलं वाक्य या पायाबद्दल आहे, हे माझ्याही टाळक्यात शिरलं नाही. शुगरनं त्यांच्या तळव्याची जाणीव कधीच गेली होती. ब्लेड खोल गेलं, तरी त्यांना दुखलं नाही. जखम चिघळली आणि महिन्याभरात घोट्याच्या वरून पाय काढावा लागला.

ड्रेसिंग बदलताना नर्स म्हणाली, "आजोबा, शुगर असताना घट्टा घरी कापतात का? कुणी सांगितलं नाही तुम्हाला?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. शृंगमय म्हणजे काय, ते त्यांना तेव्हा कळलं असावं. मला तर तिथून पळून जावंसं वाटलं.

रोजचा पेपर छोट्या जाहिरातींसकट वाचून काढणारे माझे बाबा नर्सला म्हणाले, "सांगितलेलं, सिस्टर. कागद पण दिलेला ह्यानं. मलाच वाचता येत नाय."