त्या टँडेमच्या फोटोआधीचं भांडण

तो फोटो आता पुरे.

सकाळपासून सगळ्या ग्रुप्सवर तोच फिरतोय. मिलिंद पुढे, मी मागे, आमची लांबलचक टँडेम सायकल, पाठीमागे स्पेनचे डोंगर. खाली कुणीतरी लिहिलंय, "कपल गोल्स. मेड फॉर ईच अदर."

आज माझ्या नवऱ्याला जाऊन एक वर्ष झालं. तुम्ही प्रेमाने टाकताय, कळतं मला.

पण त्या फोटोच्या अर्धा तास आधी मी त्याला म्हटलं होतं, "मी बस पकडून माद्रिदला जाते आणि तिथून घरी. तू ये सावकाश."

आमची लेक इशा शेजारी बसून हे वाचतेय.
"आई, प्लीज डोन्ट बी मीन टु बाबा."

मीन नाही गं. जे झालं ते लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. टँडेमवर हँडल, ब्रेक, गिअर सगळं पुढच्याच्या हातात. मागच्याने फक्त पेडल मारायचं आणि पुढच्याची पाठ बघायची.
म्हणून पुढच्याने बोलत राहायचं असतं. खड्डा आला, वळतोय, ब्रेक मारतोय.

मिलिंद बोलायचा नाही.

इथे आखातात, फिंतासला समुद्राकाठी सुट्टीच्या शुक्रवारी सकाळी चालवायचो, तेव्हा त्याने काही बिघडत नव्हतं. सपाट रस्ता, समोर कुणी नाही.

स्पेनमध्ये रस्ता नदीकाठाने निघतो, चेरीच्या बागांमधून चढत चढत डोंगरातल्या गावात जातो, आणि गाव संपलं की थेट खाली, पुढच्या नदीपर्यंत. दिवसभर हेच.
चढावर माझा अर्धा जीव जायचा, उतारावर उरलेला.

चौथ्या दिवशी एका उतारावर शेळ्या आडव्या आल्या. त्याला दिसल्या. मला काय दिसणार?

त्याने गच्चकन ब्रेक मारला. माझा पाय सटकला आणि पेडल नडगीवर बसलं. मोज्यापर्यंत रक्त.

पुढच्या गावात मी उतरले आणि चौकातल्या पाण्याच्या कुंडाच्या कठड्यावर जाऊन बसले.

"नुसतं 'शेळ्या' म्हणायचं होतंस. एक शब्द."
"अगं, म्हणायला वेळ कुठे होता?"
"लग्न झाल्यापासून तुला वेळ नाहीये."

बसचं बोलले ते तेव्हा. तर त्या गावात बस यायची फक्त बाजाराच्या दिवशी, आणि ती आदल्या दिवशी येऊन गेलेली. माझं नशीब.

समोरच्या घरातून एक आजी बाहेर आल्या. हातात व्हिनेगर घातलेल्या पाण्याचा वाडगा आणि फडकं. काय झालं म्हणून खुणेनेच विचारलं. मी हातवारे करून शेळ्या, ब्रेक आणि पाय सांगितला.

त्यांनी जखम पुसली. मग उठल्या आणि बोट नाचवत मिलिंदला झापायला लागल्या. अस्सल स्पॅनिशमध्ये, न थांबता.

त्याला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. हेल्मेट हातात धरून खाली मान घालून उभा. "सी. सी, सेन्योरा. सी." म्हणजे हो बाई, हो.

मला हसू फुटलं. मग त्यालाही. आरडाओरडा ऐकून बाहेर आलेल्या आजींच्या सुनेला वाटलं, किती छान जोडपं. तिने आम्हाला सायकलवर बसवलं आणि फोटो काढला.

तर तो हा फोटो.

त्यानंतर साहेब जे बोलायला लागले! "खड्डा. उजवीकडे वळण. गिअर बदलतोय. डावीकडे नदी, बघ. कुत्रा, पण झोपलाय. चर्च. अजून एक चर्च."

शेवटी मी म्हटलं, "मिलिंद, जरा गप्प बस."
"तुला नक्की काय पाहिजे ते एकदा ठरव," म्हणाला.

आता जे मला गिळताच येत नाही, ते.

स्पेनहून परत आलो, इशाची शाळा सुरू झाली, सगळं नेहमीसारखं चाललं होतं. आणि एका दुपारी तो ऑफिसच्या पार्किंगमध्ये कोसळला. मी रिग्गईच्या घरून हॉस्पिटलला पोचेपर्यंत संपलं होतं.

दिवस झाल्यावर शब्बीरभाई घरी आले. ऑफिसात त्याच्या शेजारच्या टेबलावर बसायचे, मूळचे रत्नागिरीचे. चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "वहिनी, दोन दिवस छातीत दुखतंय म्हणत होता. मी म्हटलं, चल डॉक्टरकडे. तर म्हणाला, अ‍ॅसिडिटी आहे, हिला सांगू नका, उगाच घाबरेल."

झोपलेला कुत्रासुद्धा मला सांगणारा माणूस. हे नाही सांगितलं.

वर्षभर मी याच्यावर चिडलेली आहे. भाजी चिरताना चिडते. सिग्नलला थांबले की चिडते. लोक म्हणतात, आता शांत हो. कशी होऊ? भांडायला समोर माणूस लागतो.

माझ्या लिस्टमधल्या सगळ्या नवऱ्यांनो, छातीत दुखलं तर घरी सांगा. बायको घाबरेल. घाबरू दे. घाबरलेली बायको गाडी काढते आणि हॉस्पिटलला नेते.

आज सकाळी मी आणि इशा समुद्रावर जाऊन बसलो. उकडत होतं, तरी बसलो. इशाने विचारलं, "वेअर यू टू हॅपी? लाइक, रिअली?"

मी विचार केला. खोटं सांगायचं नव्हतं.

"हो," म्हटलं. "रोज नाही. पण हो."

तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि रडली. वर्षभरात पहिल्यांदा माझ्यासमोर रडली. मीही रडून घेतलं.

मिलिंद, राग गेलेला नाही. तो जायची वाट बघत बसले तर तुला निरोप द्यायचा राहूनच जाईल.

नीट जा.