अण्णांचे दहा शब्द

हळकुंड कानाजवळ न्यायचं, मोडायचं, आवाज ऐकायचा, मोडलेल्या जागेचा रंग उजेडात बघायचा आणि मग एकच शब्द बोलायचा, ही अण्णांची पद्धत. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या आमच्या अडत दुकानात ते हळदीची प्रत ठरवत आणि मी वजनं लिहून घेत असे. एकवीस वर्षं आम्ही शेजारी बसलो. त्यांचं नाव लिहीत नाही. यार्डात सगळे अण्णाच म्हणत.

अडचण एवढीच, की शेवटच्या दीड वर्षात तो शब्द पुष्कळदा इंग्रजी असे.

"पॅन्डिक्युलेशन," एकदा ते हळकुंड मोडून म्हणाले.

इस्लामपूरकडचा शेतकरी घाबरला. "आवं अण्णा, म्हंजे एक नंबर का दोन?"

"म्हंजे अंग ताणून आळस देणं. तू आत्ता दिलास. माल एक नंबर हाय, जा."

त्यांच्या मोबाईलवर रोज सकाळी एक अवघड इंग्रजी शब्द अर्थासकट येई. तो ते खिशातल्या वहीत मराठी अक्षरांत उतरवत आणि दिवसभर वापरत. कुणाचं पोट गुरगुरलं, की "बोरबोरिग्मस!" एका हमालाच्या नाकाखालच्या खळगीवर बोट ठेवून म्हणाले, "ह्येला फिल्ट्रम म्हणत्यात. ओठावर देवानं पाडलेली सरी."

"माझी मिशी हाय अण्णा. सरी दिसतीया कुठं?"

"म्हणून तर बोट ठेवून दाखवली."

ओव्हरमॉरो म्हणजे परवा. हा शब्द इंग्रजांनी कधीच टाकून दिला, हे कळल्यावर त्यांना खरोखर वाईट वाटलं. "मग परवाचं काम ही मानसं ठरवत्यात कशी रं?"

यार्डात सगळे हसत. मीही हसलो, तुम्हीही हसला असता. मग एका दुपारी वजनं संपल्यावर मी विचारलं, की हे सगळं कशासाठी?

अण्णांनी आजूबाजूला बघून घेतलं. "माझं वडील म्हातारपणी मंदिरातनं घराकडं यायची वाट विसरलं. गल्ली एकच हुती. आन् मागच्या म्हयन्यात मी एकाच ढिगाला दोनदा प्रत सांगितली, दोन्ही येगळ्या. कुणाच्या ध्यानात आलं न्हाई. माझ्या आलं."

"पण इंग्रजीच कशाला?"

"मराठी जुना माल. त्यो आपोआप तोंडात येतोय. नवा माल भरल्याबिगर पोतं फाटलंय का न्हाई, कळणार कसं?"

त्यांनी मला काम नेमून दिलं. दर शनिवारी वहीतले दहा शब्द विचारायचे. बरोबर किती आले ते मी लिहून ठेवायचं. पाचाच्या खाली आले, तर प्रत ठरवणं सोडायचं. "माणूस वर्षभर राबतोय, आन् मी एका शब्दानं त्याचा माल खाली टाकतो. त्यो शब्द पक्का पायजे." शिवाय एक अट होती. पोत्याच्या तोंडाशी कुणीही चांगलीच हळद ठेवतो; म्हणून आम्ही सळई खुपसून मधली काढतो. वहीचंही तसंच करायचं. कालपरवाचे शब्द विचारायचे नाहीत, मधल्या पानांवरचे विचारायचे.

पहिल्या शनिवारी नऊ आले. मग आठ, नऊ, आठ. दिवाळीनंतर सात, संक्रांतीनंतर सहा. हंगाम तोंडावर आला आणि एका शनिवारी पाच आले. अण्णांनी वही मिटून खिशात ठेवली.

पुढच्या शनिवारी मी जे केलं, ते कधी केलं नव्हतं. वजनात मी शंभर ग्रॅमही इकडचे तिकडे होऊ देत नाही. पण त्या दिवशी दहापैकी सात शब्द त्याच आठवड्यातले विचारले. अण्णांना नऊ आले. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, दोन कप चहा मागवला.

सोमवारी सकाळी त्यांनी वही माझ्यापुढे ठेवली आणि शेवटच्या पानावर बोट टेकवलं. "वरचा माल दाखवलास मला?"

मी वही जवळ ओढली.

"आता मधलं विचार."

सौदे सुरू व्हायला अर्धा तास होता. मी विचारत गेलो. आलं नाही, की ते "फुडं" म्हणत. फिल्ट्रमलाही "फुडं" म्हणाले. चार आले.

ते उठून मालकांकडे गेले. मालकांनी विनवलं, "अण्णा, एवढा हंगाम तरी काढा."

"हंगाम हाय म्हणूनच सोडतोय," अण्णा म्हणाले.

आठवड्याने ते मुलीकडे कोरेगावला निघाले. स्टँडवर मी त्यांची पिशवी धरून उभा होतो. माफी कशी मागावी ते मला सुचत नव्हतं.

"लबाडीचा राग न्हाई रं," ते म्हणाले. "पर तुला ती जमत न्हाई. नऊ म्हणताना तुझं कान लाल झालं हुतं. मला तवाच कळलं."

"मग शनिवारीच का नाही बोललात?"

"म्हटलं, रविवार तेवढा खुशीत काढावा."

आता दर रविवारी सकाळी मी कोरेगावला फोन करतो. फोन देताना माझं नाव सांगू नका, असं त्यांच्या मुलीला बजावून ठेवलं आहे. गेल्या चार रविवारांपैकी तीनदा त्यांनी मला आवाजावरून ओळखलं.

चौथ्या वेळी म्हणाले, "कुठनं बोलताय आपुन?"

"सांगलीहून."

"व्हय का? तिथं यार्डात आमचा एक माणूस हाय, वजनं लिहितो. गाठ पडली तर सांगा त्येला, मी बरा हाय म्हणून."

"सांगतो," मी म्हणालो.