परतीचं तिकीट आणि अंगुरीबाईंची माफी

मंगरूळपीरच्या अंगुरीबाई उकळल्याशिवाय पाणी पीत नाहीत. श्वेतांबर जैनांचं घर, किराण्याचं दुकान, नेम लहानपणापासूनचा. मस्कतला लेकीकडे राहून परत निघाल्या, तर विमानातही त्यांनी कढत पाणीच मागितलं. हवाईसुंदरीच्या हातून ते सांडलं आणि उजवा पंजा पार भाजला. बोटं आखडली ती आखडलीच. आता साधी पोळी लाटता येत नाही.

नातू नमननं तक्रार केली. कंपनी परदेशी. तिचं म्हणणं, आमच्या देशात या, आमच्या कायद्यानं भांडा. घ्या! विमान तर तेव्हा समुद्रावर होतं. मंगरूळपीरच्या बाईनं दाद मागायला जावं तरी कुठं?

तेवढ्यात संवत्सरी आली. त्या दिवशी जैन माणूस वर्षभरात कळत-नकळत दुखावलेल्या सगळ्यांची क्षमा मागतो. नमन फोनवरून निरोप धाडत बसला होता.

"कंपनीलेबी पाठव," अंगुरीबाई म्हणाल्या.

"कंपनीले? काहून, दादी?"

"पाठव म्हटलं ना! तिले तं पयले पाठव."

झालं! 'माझं चुकलं असेल तर क्षमा करा' हे वाचून कंपनीनं कळवलं, बाईंनी चूक कबूल केली, विषय संपला. नमननं कपाळावर हात मारून घेतला.

वकील किसनसिंग मात्र शांत होते. "जाऊन-येऊन एकच तिकीट होतं ना? मंग पयले जिथून निघाल्या, तो आपला देशच शेवटचं ठिकान. देशादेशांचा तसा करारच हाये. दावा इथं चालते. अन् इथंच चालाले पायजे, बाई. तिकडच्या जजले संवत्सरी कोन समजावन?"

वाशिमच्या ग्राहक आयोगानं तिकीट पाहिलं आणि दावा इथंच चालेल असं सांगितलं. अंगुरीबाईंचा जीव भांड्यात पडला. पण कंपनीचा वकील तो निरोप घेऊन उभाच होता.

"चूक तुमची नव्हती, तर माफी कशाला मागितली?"

"हाताचं मी कंपनीले सोडनार नाई, साहेब," अंगुरीबाई म्हणाल्या. "पन भाजलं तवा मी त्या पोरीवर लय वरडली. चारचौघात नाई नाई ते बोलली. बिचारी रडून राह्यली होती. तिचा नंबर माह्यापाशी नाई, म्हनून कंपनीले पाठवला." त्या जरा पुढं झुकल्या. "तिले सांगतलं का तुमी?"