थुंकीचं बोट

दूध सांडलं म्हणून सकाळी मुलाच्या कानाखाली वाजवली आणि दार आपटून निघालो. वाटेत गाडीच्या चाकात खिळा घुसलेला दिसला. राग हातातच होता. पक्कड घेतली, शिवी हासडली, खिळा उपटून फेकला. फुस्स करून चाक बसलं. घाम गाळत स्टेपनी चढवली आणि पंक्चरवाल्या काकांकडे गेलो.

“खिळा कशाला काढलात? तोच हवा धरून होता,” ते म्हणाले. मग त्यांनी जाड सुई त्या भोकात खुपसली आणि दोन्ही हातांनी खसाखसा आतबाहेर केली. रबर करकरलं.

“अहो, फाटेल!”

“भोक खरवडल्याशिवाय रबराची दोरी आत बसत नाही.”

चिकट दोरी त्यांनी सगळं अंग टाकून आत दाबली, वरचं टोक कापलं, हवा भरली. माझ्यापेक्षा जास्त जोर त्यांनीच लावला होता. पण नंतर त्यांनी बोटावर थुंकी घेतली, तापलेल्या कपाळाला हात लावावा तशी त्या जागी लावली आणि बुडबुडा येतो का, हे वाकून कितीतरी वेळ पाहत राहिले.

मी तसा वाकलो नव्हतो. पोरगा नंतर रडला की नाही, हेही मला ठाऊक नव्हतं.