मागच्या चाकांतलं तेल

आमची लॉरी चार वर्षं शेवंतीच्या वाफ्यांपलीकडे उभी होती. दादा गेला तो तिच्यातच. चांदूर बाजारला वांगी घेऊन निघाला, आणि नदीच्या उतारावर गाडी थांबलीच नाही. थेट बाभळीवर गेली. बैलांनी ओढून आणलेली ती गाडी मग कुणी हलवली नाही. बाबा म्हणत, भरधाव हाकायचा, आपल्या मस्तीनं गेला. मीही तेच म्हणत असे, आणि जरा जोरातच. एकटी वहिनी ऐकून घ्यायची नाही. त्यांनी ब्रेक दाबलाच असणार, हे तिचं एकच म्हणणं. भाकऱ्या थापतानाही, पाहुण्यांसमोरही. नवऱ्याची तेवढी अब्रू तिला राखायची होती.

लढाईच्या दिवसांत नव्या गाड्या मिळेनात, तेव्हा अकोल्याच्या जठारपेठेतलं एक गिऱ्हाईक आलं. गाडी चालती करून द्या, नेतो, म्हणालं. पण मागची चाकं जाम. ब्रेक तेवढे मागच्याच चाकांना, आणि दोन्ही ड्रम आतल्या पट्ट्यांना धरून बसलेले. अमरावतीहून मिस्त्री आणला. त्यानं चाकं काढली, फटींत घासलेट सोडलं, कडेकडेनं ठोकून पाहिलं. दोन दिवस ड्रम तसूभर हलेना. आतून कुणीतरी धरून ठेवलंय, असं मला वाटू लागलं. हसू नका, मी ड्रमला कान लावूनही पाहिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रीनं पंप मारून पेटवायच्या दिव्याच्या झोतानं ड्रम तापवला. धूर निघाला, आणि त्याला जवसाच्या तेलाचा वास होता.

तो वास माझ्या ओळखीचा होता. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही बैलांचे खांदे तूप-हळदीनं मळतो, बैलबंडीच्या आसाला जवसाचं तेल देतो. दादाच्या शेवटच्या पोळ्याला मला लॉरीची दया आली. तीही घरची कमावती. तिलाच कोरडी का ठेवायची? दादा गावाला गेला होता. मी मागच्या दोन्ही चाकांच्या फटींत वाटी वाटी तेल ओतलं. पोळा झाला आणि दादा तीच गाडी घेऊन निघाला.

ड्रम एकदाचा सुटला. आतलं तेल सुकून डिंकासारखं घट्ट झालं होतं. मिस्त्रीनं वर पाहिलं. "ब्रेकात तेल कोनं टाकलं? तेलानं ब्रेक लागतच नाई."

बाबा बाजेवर बसले होते. वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. त्या संध्याकाळी ती वाटी तिनंच मला भरून दिली होती. तिलाही ते आठवलं, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. तिनं मिस्त्रीपुढं तांब्या ठेवला.

"त्याईनंच टाकलं," ती म्हणाली. "मले तेल मांगतलं व्हतं."

बाबा म्हणाले, पाहा, मी म्हणतच होतो.

मी तेव्हाही बोललो नाही, आणि नंतरही नाही. गाडी अकोल्याला गेली. वहिनीनं पुन्हा कधी दादाची बाजू घेतली नाही. बाबा त्याला बोल लावायचे, ती खाली मान घालून ऐकायची आणि माझ्या ताटात गरम भाकरी वाढायची. मी ती खात असे.