ऊसी आणि उशी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. माझ्या बायकोला, गायत्रीला, तर नाहीच. आत्ता ती घरी नाही, तरी दाराला आतून कडी घातलीय. कशाला? मलाच माहीत नाही.

पाच वर्षांपूर्वी आम्ही चेन्नईतली दहाबारा मराठी मंडळी रविवारी सकाळी तिरुवल्लिकेणीजवळ समुद्रकिनारा साफ करायला जायचो. पुढारीपण माझ्याकडे. का? तर मला तमिळ येतं, असं मीच सांगून ठेवलं होतं. रिक्षावाल्याशी चार वाक्यं बोललो की माझी कॉलर ताठ. गायत्री तेव्हा साताऱ्याहून नोकरीसाठी नुकतीच आलेली. तिला तमिळचा गंध नाही. मी सांगेन ते खरं.

त्या दिवशी जाळं दुरुस्त करत बसलेल्या एका कोळीण अक्कांनी कचऱ्याच्या ढिगाकडे हात करून ओरडून सांगितलं, "ऊसी इरुक्कु, ऊसी!"

"उशी आहे म्हणतायत. कुणीतरी उशी टाकलीय," मी ऐटीत सांगितलं.

"अगं बाई, मग गादीही असेल!" म्हणत गायत्री तिकडे निघालीसुद्धा. सगळे हसले.

ऊसी म्हणजे सुई. ढिगात इंजेक्शनच्या सुया होत्या. एक तिच्या बोटात घुसली, हातमोज्यातून आरपार. मग एचआयव्हीच्या धास्तीनं महिनाभर गोळ्या, उलट्या, पुन्हा पुन्हा रक्ततपासणी. अण्णा नगरच्या हॉस्पिटलात दर वेळी मी तिच्याशेजारी बसायचो. रिपोर्ट आला की तिच्याआधी मीच तो ओढून घेऊन उघडायचो. तिला वाटायचं, किती जीव लावतो हा! सगळे रिपोर्ट चांगले आले, आणि त्या बाकड्यावरच आमचं लग्न जमलं.

आता पाहुणे आले की ती हा किस्सा रंगवून सांगते — ऊसीची उशी झाली आणि मला नवरा मिळाला. सगळे पोट धरून हसतात. मीही हसतो. मग पाणी आणायच्या निमित्तानं आत जातो.

कारण — कसं लिहू? — ती निघाल्यावर अक्कांनी माझ्याकडे बघून स्वतःच्या दंडात बोट टोचून दाखवलं. मला लख्ख आठवलं. वेस्ट मांबलमच्या दवाखान्यात नर्सने हाच शब्द म्हणत मला इंजेक्शन दिलं होतं. गायत्री ढिगापासून दहा पावलांवर होती. नुसतं "थांब" म्हणायचं होतं. पण मग माझं तमिळ सगळ्यांसमोर उघडं पडलं असतं — एवढंच, बाकी काही नाही. मी अक्कांकडे बघून मान डोलावली, समजलं म्हणून. त्यामुळे त्या ओरडायच्या थांबल्या. मी वाकून एक प्लास्टिकची बाटली उचलली आणि पोत्यात टाकली. तिला दिसतीलच सुया, असं तेव्हा मनात आलं होतं का? की ते मी मागाहून रचलं?

गायत्री आता फर्डं तमिळ बोलते. आज सकाळी ती त्याच किनाऱ्यावर साफसफाईला गेलीय. अक्कांना शोधून काढते आणि तो किस्सा ऐकवते, म्हणाली. मी डोकं दुखतंय म्हणून घरी राहिलो. अकरापर्यंत येते म्हणाली होती. साडेबारा वाजलेत.

जिन्यात पावलं वाजतायत. तिचीच आहेत. रोज ती खालूनच मला हाक मारते. आज मारली नाही.

मला कळलं होतं, गायत्री. कळूनही मी तुला जाऊ दिलं.