जगाची दहा मिनिटं

चौकातल्या टपरीत किल्ल्या घासणाऱ्या त्या माणसाला तोंडावर सगळे काका म्हणायचे आणि पाठीमागे ‘उलटतपास’. हे त्याच्या कानावर आलेलं होतं. त्यात त्याला अपमान वाटत नव्हता. उलट ज्याचा तपास कोणी उलटा करत नाही तो माणूस बिनकुलपाचं घर, असं त्याचं मत होतं. गिऱ्हाइकानं पेपर वाचायचा आणि यानं कानस न थांबवता त्याला अडवायचं.

“दोन देशांचा मैत्रीचा करार झाला, काका.”

“काल एकमेकांची गावं जाळत होते ना? मग मध्यस्थाच्या पदरात काय पडलं, ते कुठल्या पानावर छापलंय?”

“महागाई उतरली म्हणतात.”

“म्हणणाऱ्याच्या घरी बाजाराची पिशवी कोण उचलतं, ते आधी विचार.”

आणि कोणी ‘तुम्हाला त्यातलं काय कळतंय’ म्हटलं, की अर्धी घासलेली किल्ली तो त्याच्या तळहातावर ठेवायचा. “जा, कळणाऱ्याकडून पुरी करून घे.”

टपरीच्या मागेच सरकारी दवाखाना होता. दोन खोल्या, एक नर्सबाई आणि औषधांचा जुनाट फ्रीज. काकाच्या बायकोला साखरेचा आजार. नजर अधू, हात थरथरता. सुई स्वतःची स्वतःला टोचता येत नव्हती, म्हणून ती रोज तिथे जायची. ही जागा कोणाच्या तरी डोळ्यांत भरलीय, अशी कुजबुज सुरू झाली, तेव्हा त्यानं आळीतल्या माणसांना घेऊन दोनदा कचेरी गाठली. दोन्ही वेळा साहेब जेवायला गेलेले. “साहेबाचं पोट आहे की पाण्याची टाकी?” तो दारातच ओरडला होता.

त्यानंतरच्याच आठवड्यात गल्लीचा केबलवाला टपरीपुढे येऊन उभा राहिला. स्वतःच्या पायांनी.

“काका, आपल्या चॅनेलवर रोज संध्याकाळी दहा मिनिटं द्या. देशविदेशच्या बातम्या, तुमच्या भाषेत. लोकांना तुमच्यासारखा रोखठोक माणूस हवाय.”

“आजवर नको होता, आजच कसा हवा झाला?”

केबलवाला हसत पुढच्या गल्लीत वळला. रात्री जेवताना बायको म्हणाली, “परक्या कुत्र्याला बिस्किट घालणारा आधी भिंतीची उंची बघून आलेला असतो.”

“म्हणजे मी कुत्रा?”

“भुंकता तर चांगले.”

तिचं त्याला पटत होतं. पण घराघरांत दवाखान्याचं बोलता येईल, हा मोहही खोटा नव्हता. आणि खरं सांगायचं तर, आपलं तोंड पडद्यावर बघायचा मोहही होताच. तो गेला.

पहिल्या दिवशी तो लढाईवर बोलला, तेलाच्या भावावर बोलला, मंत्र्याच्या परदेशवारीवर बोलला आणि शेवटी दवाखान्यावर. बोलणं आधी टिपून घ्यायचे आणि मग दाखवायचे. घरी येऊन पाहिलं, तर मंत्री विमानात बसल्यावर कार्यक्रम आटोपला. “वेळ संपली काका,” केबलवाला म्हणाला. दुसऱ्या दिवशी दवाखाना मधे घातला. नेमका तिथेच आवाज गेला. तिसऱ्या दिवशी त्यानं मुद्दाम सुरुवातच दवाखान्यानं केली. पडद्यावर तो थेट लढाईपासून बोलू लागला.

कुलूप तीनदा एकाच जागी अडलं, तर दोष किल्लीचा नसतो. तो केबलवाल्याच्या खोलीत घुसला.

“माझं तोंड कोण कातरतं?”

“काका, तुम्ही जगाच्या विषयांचे माणूस. दवाखाना काय घेऊन बसलात? काल महासत्तेला काय झोडलंत. फोनवर फोन येतायत.”

त्याचा राग क्षणभर ढिला पडला, हेही खरं. महासत्तेला झोडल्याबद्दल आजवर त्याला कोणी चहासुद्धा पाजला नव्हता. तो आणखी काही दिवस जात राहिला. टपरीवर येणारे त्याच्या लढाईचं कौतुक करायचे. दवाखान्याचं मात्र कोणी विचारेना.

एका दुपारी बायको दवाखान्यातून परतली आणि टपरीच्या फळीला टेकली.

“तुम्ही तिकडे लढाई थांबवा. इकडे बाईंना फ्रीज रिकामा करायला सांगितलाय. उद्यापासून सुई कोण देणार, ते तेवढं महासत्तेला विचारून या.”

तेवढ्यात केबलवाल्याचा माणूस आला. “काका, एका दाराला नवं कुलूप बसवायचंय. संध्याकाळी.”

“कोणाचं दार?”

“मागचंच की, दवाखान्याचं. गोदाम होणार ना आमचं.”

“किल्ली कोणाकडे राहणार?”

“मालकांकडे. तुम्ही चॅनेलवर याल ना, त्याच्या आधी आटपा.”

उलटतपासनं कानस खाली ठेवली. इतके दिवस तो जगाला खोदून खोदून विचारत होता, आणि स्वतःच्या पाठीशी भिंत पोखरली जात होती. “दुसरा बघ,” तो म्हणाला, आणि टपरी बंद करून दवाखान्याच्या पायरीवर जाऊन बसला. बायको शेजारी. आत नर्सबाई खोक्यात औषधं भरत होत्या.

संध्याकाळ झाली. समोरच्या खिडकीतून एक ओळखीचा आवाज येऊ लागला. मग शेजारच्या खिडकीतून. केबलवाल्यानं जुनाच कार्यक्रम लावला होता. पडद्यावरचा तो महासत्तेची चामडी सोलत होता.

“छान बोलता हो,” बायको म्हणाली.

सगळ्यात आधी समोरचा शिंपी बाहेर आला. त्यानं आपल्या घरातल्या टीव्हीकडे पाहिलं, पायरीकडे पाहिलं. मग दूधवाली आली, तिची सासू आली. प्रत्येकाच्या पाठीमागे घरातून काकाचाच आवाज.

“काका, तिथेही तुम्ही, इथेही तुम्ही. काय भानगड आहे?” शिंप्यानं विचारलं.

“तिथला तुम्हाला घरात बसवायला ठेवलाय. का बसवायचंय, ते बघायचं असेल तर थांबा. दवाखान्याला कुलूप ठोकणारा येतोय.”

“आणि उद्या तुम्हीच इथे नसाल तर? परत पडद्यावर गेलात तर?”

प्रश्न बोचरा होता, त्याच्याच जातीचा. त्याला राग आला नाही.

“सकाळी येऊन बघ. माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नकोस.”

शिंप्यानं घरी जाऊन टीव्ही बंद केला आणि येताना स्टूल आणलं. दूधवालीची सासू पायरीवर सरकली. आत खोक्याचा आवाज थांबला. नर्सबाईंनी बाहेर डोकावून गर्दी पाहिली, मग औषधांच्या कुप्या एकेक करून परत फ्रीजमध्ये ठेवल्या.